स्पामध्ये गेस्टचं मन सांभाळायचं कसं: बुकिंगच्या फोनपासून निरोपापर्यंतचा क्रम

दिवे मंद केले, संथ संगीत लावलं, लव्हेंडरचे दोन थेंब टाकले की मनाचं काम झालं, अशी बऱ्याच स्पांमध्ये समजूत असते. मग गेस्ट टेबलावर पालथा झाला, तेल लावून झालं, की थेरपिस्ट विचारते, ‘तुम्हाला काही त्रास वगैरे नाही ना?’ अंगावर एक चादर आणि तोंड टेबलाच्या भोकात, अशा अवस्थेत कोण काय सांगणार? ‘नाही नाही, चालू द्या’ एवढंच उत्तर येतं.

मी स्पाच्या कर्मचाऱ्यांना शिकवते. सामान बहुतेकांकडे चांगलं असतं, हातही चांगले असतात. चुकतो तो क्रम. ताण घेऊन आलेल्या माणसाला आधी दोन गोष्टी लागतात: पुढे काय होणार हे कळणं, आणि ते कधीही थांबवता येईल याची खात्री. सुगंध, संगीत वगैरे त्यानंतर. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. मधला एखादा गाळला की पुढचा लंगडा पडतो.

## टप्पा १: आपली हद्द ठरवा

स्पामध्ये थकवा हलका होतो, आखडलेलं अंग सैल होतं, एखाद्या रात्री झोप बरी लागते. नैराश्य, पॅनिक डिसऑर्डर, आघातानंतरचा त्रास यांवर उपचार करणं आपल्या कामात बसत नाही. कर्मचाऱ्यांच्या खोलीत तीन ओळी लावून ठेवा:

- निदान करायचं नाही.
- औषधांबद्दल मत द्यायचं नाही.
- ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तेवढा अपवाद, आणि तेव्हाही फक्त प्रमुखाला आणि मदत करणाऱ्यांनाच सांगायचं.

सर्वांत जास्त मोडते ती दुसरी ओळ. ‘एवढ्या गोळ्या कशाला, नियमित मसाज घ्या’ हे वाक्य प्रेमापोटीच निघतं, पण महागात पडू शकतं. नैराश्यावरचं औषध एकदम बंद केलं तर चक्कर, बेचैनी, झोपमोड सुरू होऊ शकते. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर फिट येण्यापर्यंत वेळ जाते.

मेनूकार्डही तपासा. ‘डिप्रेशन घालवणारी थेरपी’ असं काही छापलं असेल तर काढून टाका. ते वाचून आशेने आलेला माणूस तसाच परत गेला, तर दोष त्या जाहिरातीला देत नाही, स्वतःला देतो.

तपासणी: रिसेप्शनवरच्या सगळ्यांत नव्या माणसाला विचारा, ‘तुमच्याकडे येऊन माझं डिप्रेशन बरं होईल का?’ उत्तर देताना तो अडखळला तर पुढे जाण्याआधी हा टप्पा पुन्हा घ्या.

## टप्पा २: गेस्ट येण्याआधी कर्मचाऱ्यांची तयारी

फोनजवळ एक कागद चिकटवा. त्यावर तुमच्या भागातली मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, रुग्णवाहिका, जवळचं तातडीच्या सेवेचं रुग्णालय आणि शिफ्टच्या प्रमुखाचा नंबर असावा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर चालू आहे का ते बघा. बंद पडलेला हेल्पलाइन नंबर कागदावर वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि नेमका लागतो तेव्हा कळतं.

मदत बोलावण्यासाठी एक साधं वाक्य ठरवा. उदाहरणार्थ, ‘मला जास्तीचे टॉवेल लागतील’ म्हणजे ‘प्रमुखांनी खोलीशी यावं’. गेस्टसमोर आरडाओरडा नको, आणि थेरपिस्टला एकटं पडल्यासारखंही वाटायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर एक मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. मानसोपचाराची पदवी नसलेल्यांनाही हे करता यावं म्हणूनच ती लिहिलेली आहे, त्यामुळे आपल्या कामाला नेमकी लागू पडते. ‘जोडून द्या’ म्हणजे पुढच्या योग्य माणसापर्यंत पोहोचवा. सल्ला द्या असं ती कुठेही म्हणत नाही.

मग सराव. एक जण गेस्ट बनून टेबलावर झोपतो आणि मधेच, काही न बोलता, अंग ताठ करतो. माझ्या वर्गात पहिल्या फेरीत बहुतेकांचे हात तसेच फिरत राहतात, कारण हातांना पुढची पायरी पाठ असते. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते थांबायला शिकतात. हा अर्धा तास वाचवू नका.

## टप्पा ३: बुकिंग आणि फॉर्म

फोनवरच चार गोष्टी सांगा: किती वेळ लागेल, किती कपडे काढावे लागतील (आणि काढायचे नसतील तर काय करता येईल), थेरपिस्ट स्त्री हवी की पुरुष, आणि मधेच थांबवता येतं. ही शेवटची गोष्ट फोनवर ऐकलेली असली की खोलीत ती खरी वाटते.

फॉर्म आदल्या दिवशी पाठवा. रिसेप्शनवर, शेजारी दोन अनोळखी माणसं बसलेली असताना, खासगी काही कुणी लिहीत नाही. ‘मानसिक आजार आहे का? होय/नाही’ हा प्रश्न सरळ खोडा. त्याला खरं उत्तर क्वचितच येतं, आणि ‘होय’ आलं तरी थेरपिस्टने काय वेगळं करायचं ते कळत नाही. त्याऐवजी ज्यांच्या उत्तराने आपल्या कामात फरक पडतो तेच विचारा:

1. अलीकडे झोप कशी लागते?
2. बंद खोली, उष्णता, अंधार, पालथं झोपणं, डोळ्यांवर पट्टी यांपैकी कशाने अस्वस्थ वाटतं?
3. शरीराच्या कोणत्या भागाला हात लावू नये असं वाटतं? कारण सांगायची गरज नाही.
4. एखादं औषध चालू आहे का, ज्याने झोप, रक्तदाब किंवा उष्णता सोसण्यावर परिणाम होतो?
5. कोणता वास नकोसा वाटतो?
6. मसाज चालू असताना बोललेलं आवडतं की शांतता?

प्रत्येक प्रश्नापुढे ‘सांगायचं नाही’ असा चौकोन हवाच. गरोदर आहात का, हे सुरक्षिततेसाठी विचारावं लागतं. पण ‘नाही’ असं उत्तर आल्यावर त्यावर एक शब्दही बोलू नका. त्या ‘नाही’मागे काय असेल ते आपल्याला माहीत नसतं.

सावध: लिथियम घेणाऱ्या गेस्टला सॉना किंवा स्टीम देऊ नका. घामाबरोबर पाणी आणि मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. मनोविकारांवरच्या आणखी काही औषधांमुळे घाम कमी येतो किंवा शरीराला तापमान सांभाळणं अवघड जातं. काहींमुळे उठताना रक्तदाब एकदम उतरतो. गुंगीच्या गोळ्या घेतलेल्या माणसाला दाब जास्त झाल्याचं वेळेवर कळत नाही. शंका असेल तर उष्णतेचा भाग वगळा आणि बाकीचं डॉक्टरांना विचारून या असं सांगा.

## टप्पा ४: कोणती ट्रीटमेंट, कुणासाठी

इथे विक्रीची घाई आड येते. महाग पॅकेज म्हणजे जास्त आराम, हे समीकरण ताणात असलेल्या माणसाला लागू पडत नाही.

सॉनात नाडी वाढते, घाम सुटतो, श्वास जड होतो. पॅनिक अटॅकमध्येही हेच होतं. ज्याला असे झटके येऊन गेले आहेत त्याच्या मनाला या दोन्हींतला फरक कळेलच असं नाही. अशा गेस्टला आधी सॉनाशिवायच काही सुचवा. त्याला हवंच असेल तर खालच्या बाकावर, दाराजवळ, पाच मिनिटं, आणि बाहेर आपला माणूस उभा. थंड पाण्याच्या कुंडाचंही तसंच. पाण्यात उतरताच श्वास आपोआप धपापतो, तो आवरणं आपल्या हातात नसतं. हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी तर ते धोक्याचंच आहे.

काही लोकांना शांत व्हायला लागल्यावरच भीती वाटते. ऐकायला विचित्र वाटतं, पण ही ओळखीची गोष्ट आहे. सतत सावध राहायची सवय लागलेल्या मनाला सैल सोडणं धोक्याचं वाटतं. अशांना डोळे मिटायला लावून ध्यान, तरंगण्याची बंद टाकी, नव्वद मिनिटांची शांतता यात घालू नका. पहिल्यांदा आलेल्यासाठी तीस मिनिटांचा पायांचा, किंवा कपड्यांवरून खांदे-डोक्याचा मसाज पुरे. बसून, डोळे उघडे ठेवून घेता येतो, हवं तेव्हा उठता येतं.

एक खास सूचना गिफ्ट व्हाउचरवाल्यांबद्दल. घरात कुणी गेलं, घटस्फोट झाला, परीक्षेत अपयश आलं की नातेवाईक प्रेमाने मोठं पॅकेज भेट देतात. येणाऱ्याने ते निवडलेलं नसतं. अशा गेस्टला पुन्हा विचारा, ‘यातलं तुम्हाला काय हवंय?’ आणि ट्रीटमेंट बदलायची मुभा द्या. पैसे दुसऱ्याने भरलेत म्हणून ‘नको’ म्हणायला त्याला आणखी जड जातं.

## टप्पा ५: कपडे बदलण्याआधीची पाच मिनिटं

सगळ्या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा हाच, आणि गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी कापला जातो तोही हाच.

दोघंही खुर्चीवर, समोरासमोर, गेस्ट आपल्या कपड्यांत. थेरपिस्ट उभी आणि गेस्ट बसलेला, असं नको. फॉर्म वाचलेला असल्याचं दिसू द्या: ‘मानेला हात लावायचा नाही असं लिहिलंय, तो भाग मी पूर्ण सोडेन.’ कारण विचारू नका.

मग क्रम सांगा. ‘मी बाहेर जाईन, तुम्ही बदलून चादर घ्या, मी दार वाजवून विचारल्याशिवाय आत येणार नाही. आधी पाय, मग पाठ. एकेक भाग उघडेन, बाकीचं अंग झाकलेलं राहील.’

थांबवण्याची खूण ठरवा आणि एकदा करून घ्या. हात वर करणं चालतं, पण पालथ्या माणसासाठी हातात छोटी घंटी असेल तर अधिक बरं. घाबरल्यावर काहींचा आवाजच फुटत नाही. खूण नुसती सांगितली तर विसरते, एकदा करून बघितली तर हात आपसूक उचलला जातो.

नेहमीची चूक: ‘चालेल ना?’, ‘ठीक आहे ना?’ अशा प्रश्नांत ‘हो’ आधीच भरलेला असतो. दोन खरे पर्याय द्या: ‘पायांपासून सुरू करू की खांद्यांपासून?’ ‘दाब हलका की भक्कम?’ आणि ‘रिलॅक्स व्हा’ हे दोन शब्द तर बंदच करा. हुकमाने कुणी सैल पडत नाही. उलट आपल्याला ते जमत नाहीये, ही आणखी एक चिंता गेस्टला लागते.

## टप्पा ६: खोली

इथे थोडक्यात आटोपते, कारण खोलीची काळजी सगळेच घेतात.

दार आतून कसं उघडतं ते दाखवा. उजेड मंद असू दे, पण मिट्ट काळोख नको. घड्याळ दिसेल असं ठेवा, किती वेळ उरलाय हे कळलं की बऱ्याच जणांना धीर येतो. डोळ्यांवरची पट्टी विचारूनच. सुगंधही विचारूनच, कारण वास जुन्या आठवणी एकदम वर काढतो, आणि त्या चांगल्याच असतील असं नाही. फिट्सचा त्रास असलेल्या गेस्टसाठी रोझमेरी, निलगिरी, कापूर टाळा.

फोन काढून घेऊ नका. ‘डिजिटल डिटॉक्स’च्या नावाखाली फोन कपाटात ठेवायला लावला, तर घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस असलेल्या गेस्टचं सगळं लक्ष त्या कपाटातच राहतं. आवाज बंद करून हाताशी ठेवू द्या.

## टप्पा ७: हात लावताना

आधी आवाज, मग हात. ‘मी आता उजव्या पायावर हात ठेवतेय’ असं सांगून चादरीवरूनच तळव्यावर किंवा खांद्यावर हात स्थिर ठेवा. गेस्टचे दोन-तीन श्वास होऊ द्या. तेल त्यानंतर. नव्या भागाकडे जाताना पुन्हा एकदा सांगा.

वेग फार महत्त्वाचा. केस असलेल्या त्वचेत संथ, मृदू स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाच्या स्पर्शाला ते चांगला प्रतिसाद देतात, ३ सेंटिमीटरच्या आसपास सर्वांत जास्त. पाठीवरून ४५ सेंटिमीटरचा एक लांब हात फिरवायचा, तर पंधरा सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून मोजा, स्वतःचा नेहमीचा वेग बघून बहुतेक थेरपिस्ट चकित होतात. मात्र संथ म्हणजे पिसासारखं हलकं नव्हे. हलक्या स्पर्शाने काहींना गुदगुल्या होतात, ऑटिझम असलेल्या अनेकांना तो अक्षरशः सहन होत नाही. भरीव, स्थिर तळहात बहुतेकांना चालतो.

काय बघायचं: पायाची बोटं आकसणं, मूठ, आवळलेला जबडा, रोखलेला श्वास. बोलका गेस्ट एकदम गप्प झाला, किंवा प्रत्येक प्रश्नाला त्याच सुरात ‘हं’ येऊ लागलं, तर हात थांबवा. गप्प झालेला गेस्ट ‘मस्त झोप लागली’ म्हणून सोडून दिला जातो, आणि तिथेच चुकतं. झोपलेल्याचा श्वास खोल आणि एकसारखा असतो, अंग जड पडतं. भीतीने गोठलेल्याचा श्वास उथळ असतो आणि अंग ताठ.

शरीरावर टिप्पणी करायची नाही. वजन, केस, ‘किती गाठी आहेत तुमच्या पाठीत’, काहीच नाही. मनगटावर किंवा मांडीवर जुने व्रण दिसले तर नजर न थबकवता काम चालू ठेवा. जखम ताजी असेल तर तो भाग सोडा, आणि ट्रीटमेंट झाल्यावर, गेस्टने कपडे घातल्यावर, खासगीत हळूच विचारा.

## टप्पा ८: मधेच काही घडलं तर

रडू आलं. हात एकदम उचलू नका, काम मात्र थांबवा. तळहात स्थिर ठेवून विचारा, ‘हात ठेवू की काढू?’ टिश्यू जवळ सरकवा. ‘रडू नका’ नको, आणि ‘छान, सगळं बाहेर पडू द्या’ हेही नको. दुसरं वाक्य आधार दिल्यासारखं वाटतं, पण त्याने गेस्टवर आणखी रडायची जबाबदारी येते. थोड्या वेळाने तीन पर्याय द्या: पुढे चालू ठेवू, नुसतं बसू, की आज इथेच थांबू?

पॅनिक अटॅक. उजेड वाढवा, गेस्टला बसतं करा, पाय जमिनीला टेकू द्या, अंग नीट झाकलेलं असू द्या. दार उघडायचं का ते विचारा. ‘खोल श्वास घ्या’ म्हणू नका. घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो, त्यात आणखी घेतला तर चक्कर आणि मुंग्या वाढतात. श्वास सोडण्यावर लक्ष न्या: आत घेताना चारपर्यंत मोजायचं, सोडताना सहापर्यंत. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. श्वासाकडे लक्ष दिल्याने भीती वाढत असेल तर तो सोडून द्या आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं सांगायला लावा. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो, हे गेस्टला सांगा.

सावध: छातीत दुखणं, हात किंवा जबड्यापर्यंत कळ, शुद्ध हरपणं, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल, तर ‘पॅनिक असेल’ असं धरून चालू नका. रुग्णवाहिका बोलवा. सॉनातून बाहेर आलेल्या गेस्टला असं झालं तर उष्माघाताचाही विचार करा.

अंग गोठलं, नजर हरवली. हात काढा, तसं करत असल्याचं बोला, नावाने हाक मारा, कुठे आहोत ते सांगा: ‘तुम्ही स्पामध्ये आहात, मी थेरपिस्ट आहे, दार तुमच्या डावीकडे आहे.’ हलवून जागं करू नका. काय आठवलं ते विचारू नका.

जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं. थट्टेत बोललेलंही सोडून देऊ नका. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा, ‘जीव द्यावा असे विचार मनात येतायत का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचं बरं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका. टॉवेलचं वाक्य वापरून प्रमुखांना बोलवा, शेजारी बसून हेल्पलाइनला फोन लावून द्या, घरच्या कुणाला बोलवायचं ते गेस्टलाच विचारा. लगेच काही करायच्या बेतात असेल तर थेट तातडीची सेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.

## टप्पा ९: टेबलावरून रस्त्यापर्यंत

संपल्याचं सांगा, उजेड हळूहळू वाढवा, टेबलाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसू द्या. पडण्याचे प्रसंग एकदम उठण्यातूनच येतात. पाणी द्या. शांत जागी दहा मिनिटं बसायला मिळावं, लगेच गाडी चालवू नये.

‘मस्त वाटतंय ना?’ हा प्रश्न नको. ‘आता काय हवंय, पाणी, एकांत, की थोडं बोलायचंय?’ असं विचारा. गुंगीत असलेल्या माणसापुढे तेलाच्या बाटल्या आणि सदस्यत्वाचे फॉर्म मांडू नका. तो घेईल, आणि घरी गेल्यावर फसवल्यासारखं वाटेल. पुढचं बुकिंग विचारायचं तर दुसऱ्या दिवशी, एका साध्या मेसेजने.

## टप्पा १०: नोंद, आणि थेरपिस्टचं मन

नोंदीत पुढच्या वेळी उपयोगी पडेल तेवढंच लिहा. ‘डोळ्यांवर पट्टी नको, पालथं नको, शांतता आवडते’ ही चांगली नोंद. ‘गेस्ट डिप्रेशनमध्ये आहे, नवऱ्याशी पटत नाही’ ही वाईट: निदान आपलं नाही, आणि ती वही रिसेप्शनवर कुणीही उघडू शकतं.

दोन अपॉइंटमेंटमध्ये पंधरा मिनिटं राखून ठेवा, आणि ती चादरी बदलण्यातच संपत असतील तर वीस. जड प्रसंग झालेल्या थेरपिस्टला पुढचा गेस्ट लगेच देऊ नका. प्रमुखाने तिच्याबरोबर पाच मिनिटं बसावं आणि गेस्टचं नाव न घेता तीन गोष्टी विचाराव्यात: काय झालं, तू काय केलंस, आता पुढचं काम घ्यायचं की आज दुसऱ्या कुणाला देऊ? तिने ‘दुसऱ्या कुणाला द्या’ म्हटलं, तर कारण विचारू नये आणि त्या तासाचा पगारही कापू नये.